मागील बाकी

"मास्तर, एवढं वाचून सांगा की," असं म्हणत ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं पदराखालून वही काढली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, दिवस बुडून अर्धा तास झाला असेल. दादाच्या मळीतल्या उसाला तोड आली होती आणि मी सांगलीहून नुसता बघायला म्हणून गेलो होतो. निवृत्त माणसाला असं नुसतं बघायला जायची सवय लागते. ट्रॅक्टर दुसरी खेप घेऊन कारखान्याकडं गेला होता. तुटलेल्या सऱ्यांमधून पाचटाचा धुळकट गोड वास येत होता आणि बांधाकडेच्या कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या. तिचा नवरा हौदावर मान चोळून चोळून धूत होता. उसाची कुसळं एकदा मानेत शिरली की साबणालाही दाद देत नाहीत. ही टोळी बीडची नव्हती. आपल्याच जत तालुक्याच्या पूर्वेकडची, विजापूरच्या वाटेवरची. मराठीला कानडी हेल. "मुकादम उद्या सही घ्याया येतोय," ती म्हणाली. "किती लिवलंय ते सांगा. आन् ते खाडं बगा. ट्रॅक्टर मोडून पडला तवाचं तीन दिस आमच्यावरच घातल्यात म्हनं. आमी काय हौसंनं बसलो व्हतो?"

मोबाईलची बॅटरी लावून मी वही उघडली. मुकादमाचं अक्षर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं होतं. वर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, १,२०,०००. त्याखाली दर बाजाराची खर्ची, हजाराप्रमाणे पंधरा बाजार. खाड्याचे, म्हणजे काम बुडालेल्या दिवसांचे, हजाराप्रमाणे नऊ हजार. उजव्या बाजूला टनेज, १८६. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढल्याची बातमी मी पेपरात वाचली होती आणि बरं वाटलं होतं. तो वाढीव दर, टनाला ३६६ रुपये, त्यानं प्रामाणिकपणे धरला होता. मी तोंडीच गुणाकार केला. अडुसष्ट हजार शहात्तर. एक लाख चव्वेचाळीस हजारांतून ते वजा करा, राहिले पंचाहत्तर हजार नऊशे चोवीस. हंगामाचा एक महिना उरला होता. दोघांनी मान मोडून तोडलं तरी पन्नास टन. म्हणजे अजून अठरा हजार. दिवाळीनंतर घर सोडून आलेला हा कोयता (नवरा-बायको मिळून एक कोयता, हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याची मला कमाल वाटते) गुढीपाडव्याला घरी जाणार तो साडेसत्तावन्न हजारांचं देणं घेऊन. ते पुढच्या वहीत पहिल्या ओळीवर येणार: मागील बाकी. माझ्या अंगावर काटा आला असं म्हणणार नाही, पण आकडा एवढा स्वच्छ होता की मला तो मोठ्यानं उच्चारवेना. अंधार होता, अक्षर बारीक होतं, म्हणून पानाचा एक फोटो काढून घेतला आणि वही मिटली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मळ्यातून घर दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी स्वतःला सांगत होतो की रात्रीच्या वेळी कुणाला असलं काही सांगू नये, चूल पेटलेली असताना तर नाहीच. ही आमच्याकडची शिकवण आहे. पण खरं कारण ते नव्हतं. मी ३० वर्षं ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवलं. 'भारतातील दारिद्र्याची कारणे स्पष्ट करा' या प्रश्नाचे किती पेपर तपासले असतील याची मोजदाद नाही. लोकसंख्यावाढ, बेरोजगारी, भाववाढ, शेतीचं मागासलेपण, भांडवलाची कमतरता, सामाजिक रूढी. मुद्द्याखाली रेघ मारली की अर्धा गुण जादा. हजारो उत्तरांत एकाही पोरानं 'उचल' हा शब्द लिहिलेला मला आठवत नाही. पोरांना तो ठाऊक नव्हता असं कसं म्हणू? माझ्या वर्गात दरवर्षी दिवाळीनंतर चार-दोन बाकं रिकामी होत. त्यांना ठाऊक होता, मी नोट्समध्ये सांगितला नव्हता, इतकंच.

घरी ताटं वाढलेली होती. जोंधळ्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. पुण्याहून पुतण्या आला होता. आणि व्हायचा तो विषय निघालाच, कारण दादानं त्याच दिवशी टोळीला एकरी चार हजार खुशाली, म्हणजे मजुरीवर वरून द्यायचे पैसे, मोजली होती. वर ड्रायव्हरला 'एन्ट्री' म्हणून द्यायचे पैसे वेगळे. "चौदा महिने ऊस उभा," दादा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबून म्हणाला. "तुरे आले, वजन घटलं. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं मी आठ दिवस हिंडलो. तोड आली तर हे म्हणतात, खुशाली टाका, न्हाईतर दुसऱ्या फडात जातो. आता सांग, गरीब कोण?" दादाचं खोटं नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या पाहुण्यानं ट्रॅक्टर घेऊन तोडणीचा करार केला. मुकादमाला आठ लाख उचल दिली आणि मुकादम ऐन दसऱ्यात फोन बंद करून गेला. पाहुण्याचा ट्रॅक्टर आता बँकेच्या दारात आहे. पश्चिम महाराष्ट्रात अशी बुडालेली घरं गावोगाव सापडतील. "दारू, लग्नं आणि देवाच्या जत्रा," दादानं निकाल दिला. "हातात आलं की उडवायचं. ही गरिबी पैशाची न्हाई, वळणाची हाय."

पुतण्याला हे पटलं नाही. तो आयटीत आहे, आकड्यांशिवाय बोलत नाही. "आळशी माणूस घरदार बैलासकट उचलून पाच महिने परमुलखात येईल का?" तो म्हणाला. "प्रॉब्लेम स्किलचा आहे. कोयत्याशिवाय दुसरं येत नाही, म्हणून मुकादम म्हणेल ते. अजून दहा वर्षांत सगळीकडं हार्वेस्टर फिरतील, मग यांनी काय करायचं?" दादा म्हणाला, हार्वेस्टर आला तर मी देवाला नारळ फोडीन. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी बोललो. चांगला तासभर बोललो. नर्क्सचं दारिद्र्याचं दुष्टचक्र सांगितलं: उत्पन्न कमी म्हणून बचत नाही, बचत नाही म्हणून भांडवल नाही, भांडवल नाही म्हणून उत्पादन कमी, म्हणून उत्पन्न कमी. बोटानं ताटात गोलही काढून दाखवला. दादाभाई नौरोजींची संपत्तीची गळती आणली, जमीनधारणा आणली, जात आणली. वहिनी मध्येच उठून ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हात वाळला."

वहीबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

रात्री माडीवर झोप येईना. खालून गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. असल्या रात्री मला हमखास आत्ती आठवते. वडिलांची सख्खी बहीण, आटपाडी तालुक्यात दिलेली. आमच्या गावाहून ते गाव साठेक किलोमीटर. पण त्या साठ किलोमीटरांत काळी जमीन संपते, मुरूम लागतो, मुरमाचा खडक होतो आणि विहिरी खोल खोल जात शेवटी नुसत्या खड्ड्यासारख्या दिसायला लागतात. आमच्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांची गंमतच अशी आहे. महाबळेश्वरावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला पाचशेची मारामार. २०१९ च्या महापुरात सांगलीत माणसं होडीतून बाहेर काढत होते, तेव्हा जतेत टँकर चालू होते. असो. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आत्ती आणि तिचे यजमान खडी फोडायला जात, तिथंच ताडपत्रीखाली पोरं झोपत. मग माघाच्या सुमारास ती दोन्ही पोरं घेऊन माहेरी आली. तिच्या बोचक्यात मिलोचं पीठ होतं, अमेरिकेतून आलेल्या त्या तांबड्या जोंधळ्याचं. आईनं एकदा हौसेनं त्याची भाकरी थापली. तिला ओल्या पोत्यासारखा वास होता, तुकडा घशाखाली उतरेना. आत्तीची पोरं मात्र मुकाट्यानं खात होती, आणि सुकडीची पिशवी त्यांनी उशाखाली ठेवली होती.

आत्ती आमच्याकडं चार महिने राहिली. आई वाईट नव्हती. पण तिसऱ्या महिन्यात ती भाकऱ्या मोजून थापायला लागली, आणि आत्ती मोजून खायला लागली, हे नऊ वर्षांच्या पोरालाही दिसत होतं. आत्तीच्या तळहाताला हात लावला की चिंचेच्या खोडासारखा लागायचा. वडील आणि आत्ती एका आईची लेकरं, एकाच घरात वाढलेली, कष्टाला ती उलट काकणभर सरस. पुढं आमच्या गावात उपसा सिंचन आलं, सहकारी साखर कारखाना आला, सोसायटीचं कर्ज आलं, पाठोपाठ मी बी. एड. झालो. तिच्याकडं टँकर आला. वर्गात जेव्हा जेव्हा मी 'नैसर्गिक घटक' असा मुद्दा फळ्यावर लिहिला, तेव्हा मला तो तळहात आठवायला हवा होता. आठवायचा नाही. फळ्यापुढं उभं राहिलं की घरचं काही आठवत नाही.

पण पाणी हेच उत्तर असतं तर गोष्ट सोपी होती. आत्तीचा थोरला १९७९ साली कोइमतूरला गेला, गलाईच्या दुकानात. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत. सोनारांच्या गल्लीत सोनं-चांदी गाळणारा, शुद्ध करून देणारा मराठी माणूस भेटला की त्याचं गाव विट्याच्या आसपासचं निघतं. थोरल्यानं पहिली तीन वर्षं मोरीशेजारी झोपून काढली, तेजाबाच्या धुरानं त्याचा खोकला कायमचा बसला. आज त्याची दोन दुकानं आहेत आणि गावाकडं संगमरवरी जिन्याचा बंगला, ज्यात गणपती सोडून कुणी राहत नाही. त्याच दुष्काळी मातीतला हा माणूस. दादा हे उदाहरण नेहमी देतो: "मनात आणलं तर होतं की न्हाई?" मीही वर्षानुवर्षं मान हलवली. मग एकदा आत्तीनंच सहज सांगितलं. बहात्तरला खडी फोडताना तिच्या जोडीला वस्तीवरची एक बाई असायची, तिचाही मुलगा थोरल्याच्याच वयाचा, शाळेत थोरल्यापेक्षा हुशार. त्यानं थोरल्याला म्हटलं होतं, मलाही ने. थोरल्यानं मालकाला विचारलं. मालक म्हणाला, पाव्हण्यांतलं पोरगं आण. गलाईच्या दुकानात रोज दुसऱ्याचं सोनं हातात असतं; ओळखीशिवाय तिथं कुणाला घेत नाहीत, आणि ओळख म्हणजे काय हे मी इथं फोड करून सांगायला नको. तो हुशार मुलगा पुढं ऊसतोडीला लागला. थोरला मेहनती होता यात शंका नाही. पण त्याच्या मेहनतीला दार होतं, आणि ते दार पाहुण्यानं आतून उघडलं होतं.

याच मुलखातल्या एका वादाचं मला फार अप्रूप होतं. पुसेगावजवळच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वीसेक वर्षं संख्याशास्त्राचं काम करून आलेले. दुसरे वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला होता: माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायच्या तर १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. तेवढेही न मिळणारी माणसं खेड्यात शंभरात चाळीस. सुखात्म्यांचं म्हणणं, ही सरसकट रेघ चुकीची. एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्त खाण्याशी एका मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळं रेघेखालचा प्रत्येक जण उपाशी म्हणता येणार नाही. आणि पोरं खंगतात ती नुसत्या अन्नावाचून नव्हे, घाण पाण्यानं, हगवणीनं, तिकडं बघा. पुढं कित्येक वर्षं हा वाद रंगला. तरुणपणी मी दांडेकरांच्या बाजूचा होतो आणि सुखात्मे मला निर्दय वाटायचे. नंतर घाण पाण्याचा त्यांचा मुद्दा पटायला लागला. एकदा उत्साहाच्या भरात मी हे सगळं आत्तीला सांगितलं. ती तंबाखू मळत होती. म्हणाली, "पोटाला किती लागतं ते काम सांगतं, कागुद कशाला पायजे?" मी हसलो होतो. दादाच्या फडात त्या बाईला डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना पाहिलं, तेव्हा हे आठवलं. फळी वाकत होती. मोळी तीसेक किलोची असेल, आणि दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही.

शिकवण्यासारखं अजून एक होतं, अभिमानानं शिकवण्यासारखं. कामाची हमी हा कायदा जगाला इथून मिळाला. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास त्यांच्याच भागात त्याचा पहिला प्रयोग झाला, बहात्तरनं तो राज्यभर नेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. दिल्लीला तो सुचायला २००५ उजाडलं. आणि हमीच्या खर्चासाठी राज्य सरकारनं नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारपत्रकात तो रकाना कायम असायचा: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. स्टाफरूममध्ये फेब्रुवारी आला की एकजण तरी कुरकुरायचा, या महिन्यात शंभर जादा का कापले. हे पैसे कुणाच्या कुदळ-फावड्यासाठी निघाले होते हे मला नोकरीची पंधरा वर्षं झाल्यावर कळलं, तेही पागेंवर एक टिपण लिहायचं आलं म्हणून. दुष्काळातल्या माणसाला शहरातल्या पगारदारानं काम द्यायचं, दया म्हणून नव्हे, कायद्यानं. हे मला अजूनही थोर वाटतं. पण ती बाई रोजगार हमीवर का जात नाही? मी विचारलं होतं तिला. "तितं मस्टर निगायला म्हैना, पैसं याला आनि दोन म्हैनं," ती म्हणाली. "लगीन आसाढात ठरलं व्हतं नंदंचं. मुकादम रातीत येऊन लाख रुपयं मोजून जातो." इतकी साधी गोष्ट. गरिबाला पैसे लागतात ते एकदम आणि आत्ता; आणि एकदम आत्ता देणारा एकच माणूस त्याच्या दारात उभा असतो.

स्टाफरूममध्ये इतिहासाचे एक सर होते, ते नेहमी म्हणायचे, तुमच्या अर्थशास्त्राला तारखा नसतात. त्यांनी मला १८७९ चा कायदा सांगितला होता. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर इंग्रजांनी पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी तो केला. त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची होती: कोर्टानं सावकाराच्या कागदावर थांबायचं नाही, त्यामागचा व्यवहार पहिल्यापासून उलगडून बघायचा. मुद्दल किती, व्याज किती, कुठल्या साली काय जोडलं. सर म्हणायचे, कायदा करणाऱ्याला एवढं कळलं होतं की अडाणी माणसाच्या बाबतीत सही हा पुरावा नसतो. जत तेव्हा संस्थान होतं, तिथं तो पोचलाच नसेल. पुढं १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा आला, तो मात्र जतलाही लागू आहे आणि दादाच्या मळीलाही.

व्यवहार पहिल्यापासून उलगडून बघायचा.

हे मनात आलं आणि मी उठून बसलो. चष्मा लावला, मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला. संध्याकाळी तिनं मला काय विचारलं होतं? देणं किती राहतं, हे तिनं विचारलंच नव्हतं. ते तिला ठाऊक असणार. ज्याच्या डोक्यावर असतं त्याला ते ठाऊक असतंच. तिनं विचारलं होतं खाड्याचं. आणि पानावर ते उघड दिसत होतं. नऊ खाड्यांच्या नऊ तारखा होत्या. त्यातल्या सहा सुट्या सुट्या, आणि तीन सलग: जानेवारीची १७, १८, १९. ट्रॅक्टर मोडल्याचे तीन दिवस. दादाच्या डायरीत मी पहाटे बघून खात्रीही केली, त्यानं लिहून ठेवलं होतं, 'ट्रॅक्टर बंद, टोळी बसून.' तीन हजार रुपये. माझ्यापुढं एक लाख चव्वेचाळीस हजार आले, दुष्टचक्र आलं, अर्थशास्त्राचा सगळा पेपर आला, आणि त्या सगळ्याच्या झगमगाटात तीन हजार मला दिसले नाहीत. मी तिला दुःख होऊ नये म्हणून खोटं बोललो, असं समजून संध्याकाळपासून स्वतःला थोडं चांगलं वाटून घेत होतो. मी चूक तपासली नव्हती. इतकंच झालं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती मळी दादाची असं मी वर म्हटलं. सातबाऱ्यावर निम्मी माझी आहे. बिलं दादा बघतो, माझा वाटा वर्षातून दोनदा खात्यावर येतो, त्यातून मुलीच्या शिक्षणाचे दोन हप्ते भागले. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापूनच पैसे येतात, म्हणजे तिची मजुरी माझ्याच बिलातून जात होती. मुकादम, कंत्राटदार, कारखाना, चिटबॉय, सगळे मध्ये उभे होते, म्हणून ती मला माझी मजूर वाटली नाही. जेवताना मी गरिबीची कारणं साता समुद्रापलीकडून गोळा करून आणली, पण हा रकाना माझ्या नोट्समध्ये नव्हता. दादा निदान तिच्याशी भांडतो तरी. खुशाली देतो, शिव्या देतो, रात्री बोअरचं पाणीही देतो.

सकाळी मळ्यात गेलो तर फड रिकामा. कोप्या उचलल्या होत्या, चुलींची राख होती, एका चुलीत अर्धा भाजलेला कांदा. टोळी औदुंबराच्या बाजूला गेली असं कळलं. मी दादाची स्कूटर काढली, दोन फड हुकले, तिसऱ्यात भेटली. दुपार झाली होती. ती मोळ्या बांधत होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी घाईघाईनं सांगितलं, ते तीन दिवस चुकीचे आहेत, दादाच्या डायरीत पुरावा आहे, मुकादमाला आपण फोन करू. तिनं मोळीची गाठ पुरी मारली, मगच मान वर केली.

"सकाळी येऊन गेला की त्यो," ती म्हणाली. "ह्येंनी भांडान काढलं व्हतं. मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मास्तरनी बगितलंय, बरोबर हाय. मग केली सही."

मी काय बोललो ते आठवत नाही. मुकादमाचा नंबर घेतला, फोन लावला, तो अतिशय गोड बोलला, "हंगाम संपल्यावर बघू की सर." तिनं तोवर आणखी एक मोळी बांधली. मी परत निघालो तसं तिनं विचारलं, "उसाचं वाढं न्हेता का? म्हस हाय न्हवं दादांच्यात. पंचवीसला पेंडी." मी शंभराची नोट दिली आणि म्हटलं, दोन दे, राहू देत वरचे. तिनं नोट कमरेला खोचली. मग आणखी दोन पेंड्या उचलून स्कूटरच्या पुढं, माझ्या पायांशी दाबून बसवल्या. चार पेंड्यांनी हँडल वळेना. शेवटी मी गाडी ढकलतच बांधावरून रस्त्याला आणली. वाढ्याची पानं दोन्ही नडग्यांना घासत होती, आणि त्यांची धार किती असते हे मला मळ्यात वाढूनही ठाऊक नव्हतं.